पॉइंट टू-टूचा जमाखर्च

सरावासाठी परवडेल अशी रायफल कोणती, हे नेमबाजीत नव्याने येणारा प्रत्येक जण विचारतो आणि उत्तरादाखल त्याला कंपन्यांची नावे आणि किमती ऐकवल्या जातात. प्रश्न रास्त आहे, पण तो भलत्याच वस्तूविषयी विचारला जातो असे मला वाटते. पॉइंट टू-टू रिमफायर रायफलीचा पावणेदोनशे वर्षांचा इतिहास चाळला तर दिसते ते असे की, ही रायफल ज्या ज्या काळात सामान्य माणसाच्या हाती आली, त्या काळात तिची स्वतःची किंमत हा हिशेबातला लहानसा भाग होता. स्वस्ताई आली ती काडतुसातून, रेंजला लागणाऱ्या थोड्या जागेतून आणि एका रायफलीवर दहा-बारा जणांनी हात बसवण्याच्या सोयीतून. हे जमले तिथे गिरणीतला कामगारही नेमबाज झाला. यातले काही अडले किंवा कायदा आडवा आला, तिथे दुकानात कितीही स्वस्त रायफल टांगलेली असली तरी तिचा उपयोग शून्य होता.

सुरुवात काडतुसापासून करायला हवी. १८४५ च्या सुमारास पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेर या बंदूक कारागिराने ठासणीच्या बंदुकीवर चढवायची स्फोटक टोपी घेतली आणि तिच्या तोंडाशी शिशाची बारीक गोळी बसवली. वेगळी दारू नव्हतीच. टोपीतला मसालाच गोळी ढकलायचा आणि ती दिवाणखान्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाच्या पुठ्ठ्यापर्यंत पोचली की काम झाले. हा सुखवस्तू घरांतला करमणुकीचा प्रकार होता. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने त्याच कल्पनेत टोपण थोडे लांबवले, आत काळी दारू भरली आणि आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी ते काडतूस विकायला काढले. पुढे त्यालाच पॉइंट टू-टू शॉर्ट म्हणू लागले. मग १८८७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्स गावच्या जे. स्टीव्हन्स कंपनीने लाँग रायफल हे काडतूस आणले. त्यात ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅम वजनाची गोळी होती. आज ऑलिंपिकच्या ५० मीटर स्पर्धेत वापरतात ते काडतूस मापाने हेच.

रिमफायरची सगळी गोम त्याच्या कडेत आहे. पातळ पितळी पत्र्याच्या टोपणाला तळाशी बाहेर आलेली पोकळ कड असते. टोपणात ओल्या मसाल्याचा थेंब टाकायचा आणि ते गरगर फिरवायचे, म्हणजे मसाला आपोआप त्या कडेच्या पोकळीत जाऊन बसतो. मग तो वाळवायचा, वर दारू, तिच्यावर गोळी, आणि तोंड आवळायचे. रायफलीची फायरिंग पिन तळाच्या मध्यावर आपटत नाही, कडेवर आपटते. सेंटरफायर काडतुसाला मध्यभागी जी वेगळी टोपी बसवावी लागते ती इथे नाही, म्हणून सुटे भाग कमी आणि यंत्रातून एका दिवसात काडतुसांच्या राशी पडतात. पण या सोयीची वसुली होतेच. पिनेच्या ठोक्याने कड चेपली गेली पाहिजे, म्हणून पत्रा पातळच ठेवावा लागतो. पातळ पत्रा जास्त दाब सोसत नाही, म्हणून काडतुसाची ताकद वाढवता येत नाही. चेपलेले टोपण पुन्हा भरूनही वापरता येत नाही. सैन्यांनी मोठ्या मापाची रिमफायर काडतुसे काही काळ वापरून सोडून दिली ती याच दुबळेपणामुळे. सरावाला मात्र हा दुबळेपणा वरदान ठरला. दाब कमी, गोळी मऊ शिशाची, त्यामुळे नळीतले आटे झिजत नाहीत आणि एकाच नळीतून अक्षरशः पिढ्यांचा सराव होतो. खांद्याला धक्का जवळजवळ नाही, म्हणून शिकणारा चाप ओढण्याआधी दचकायला शिकत नाही. आवाज बेताचा, आणि गोळी अडवायला जाड लोखंडी पत्रा पुरतो.

काडतुसाचा रायफलीच्या आयुष्याशी किती जवळचा संबंध असतो, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत चांगलेच कळले. काळ्या दारूच्या जागी धूरविरहित दारू आली तेव्हा सगळ्यांना वाटले होते की, नळ्या आता स्वच्छ राहतील. झाले उलटे. कडेतल्या मसाल्यात क्लोरेट असे. काळ्या दारूच्या भरपूर राखेत त्याचे क्षार पातळ होऊन जात आणि साफ करताना राखेबरोबर निघूनही जात. आता राखच उरली नाही, म्हणून ते क्षार थेट लोखंडावर बसू लागले आणि हवेतली ओल शोषून रातोरात गंज धरू लागले. क्लबात सरावानंतर गरम पाण्याने नळी धुण्याचा नेम होता तो यासाठी. १९२० च्या दशकात गंज न धरणारे मसाले बाजारात आले तेव्हा कुठे ही पीडा टळली, आणि तोवर कित्येक उत्तम नळ्या कुचकामी झाल्या होत्या. रायफलीत एका स्क्रूचाही बदल न करता तिचे आयुष्य कितीतरी पट वाढले, आणि तेही कोणा बंदूक कारागिराच्या हातून घडलेले नाही.

आता ज्या देशात या काडतुसाने खरी चळवळ उभी केली त्या ब्रिटनकडे पाहू. तिथे नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धा १८६० मध्ये विंबल्डनच्या माळावर भरल्या. खुद्द व्हिक्टोरिया राणीने टेकूवर बसवलेल्या रायफलीतून पहिली गोळी झाडली. १८९० मध्ये हा मेळा बिझ्ली इथे गेला. पण शेकडो यार्ड लांबीचे मैदान, मागे मातीचा उंच बांध, महागडी लष्करी काडतुसे आणि दिवसभराची सवड हे सगळे ज्याच्यापाशी आहे त्याचाच तो खेळ होता. सैन्याने खर्च वाचवण्यासाठी मॉरिस ट्यूब वापरून पाहिली. मोठ्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या नळीत बारीक मापाची दुसरी नळी सरकवायची आणि बरॅकीच्या आवारात सराव करायचा, अशी ती युक्ती. डिसेंबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात एका आठवड्यात स्टॉर्मबर्ग, माखर्सफाँटेन आणि कोलेन्सो अशा तीन ठिकाणी ब्रिटिश सैन्याने मार खाल्ला, आणि बोअर शेतकऱ्यांनी टिपून मारलेल्या सैनिकांच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत झळकल्या. कोलेन्सोला जखमी होऊन दगावलेल्यांत ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॉबर्ट्स यांचा मुलगाही होता. नेमबाजी सामान्य माणसापर्यंत पोचवायला हवी या जाणिवेतून १९०१ मध्ये ‘सोसायटी ऑफ वर्किंग मेन्स रायफल क्लब्ज’ ही संस्था स्थापन झाली. १९०३ मध्ये ती दुसऱ्या एका संस्थेशी जोडली जाऊन ‘सोसायटी ऑफ मिनिएचर रायफल क्लब्ज’ झाली, आणि निवृत्तीनंतर रॉबर्ट्सनी आपले सगळे वजन या चळवळीच्या पाठीशी उभे केले.

या क्लबांचे अर्थकारण मला त्यांच्या देशभक्तीपेक्षा जास्त बोलके वाटते. २५ यार्डांची रेंज चर्चच्या सभागृहात, कारखान्याच्या माळ्यावर, दारूच्या गुत्त्यामागच्या बोळात कुठेही बसे. गॅसच्या दिव्याखाली हिवाळ्याच्या रात्रीही सराव चाले, म्हणजे रोजगार बुडत नसे. रायफल क्लबाची, वर्गणी सभासदांची, आणि प्रत्येकाने पैसे मोजायचे ते आपण झाडलेल्या काडतुसांचे. सरकारी आशीर्वादाने १९०६ च्या सुमारास ‘वॉर ऑफिस मिनिएचर रायफल’ नावाची बोल्टची, एकेक काडतूस भरायची साधी रायफल निघाली. हेतू उघड होता: माणसाने ती स्वतः विकत घ्यावी आणि सैनिकी रायफलीची सवय लावून घ्यावी. क्लबांनी काही दिवस ती वापरली, पण पुढे त्यांचा कल बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीच्या मार्टिनी रायफलींकडे गेला, आणि त्या काही गरिबाच्या नव्हत्या. मार्टिनीत खालचा दांडा पुढे ढकलला की मागचा ठोकळा खाली बसतो आणि नळीचे तोंड उघडे पडते. त्याच्या पाठीवरच्या खाचेतून अंगठ्याने काडतूस आत सरकवायचे आणि दांडा ओढून घ्यायचा. पिनेचा प्रवास थोडा, म्हणून चाप सुटल्यापासून गोळी निघेपर्यंत हात हलायला वेळ मिळत नाही. शिवाय एक खीळ काढली की सगळी यंत्रणा सुटून हातात येते आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. गंजाच्या त्या काळात ही सोय लाखमोलाची होती. जी वस्तू वीस जण वीस वर्षे वापरणार ती चांगलीच घ्यावी, हा शुद्ध व्यापारी विचार इथे दिसतो. एकट्याने घ्यायची असती तर त्यांनी स्वस्त बोल्टचीच घेतली असती, आणि ती वर्षभरात खुंटीला टांगली असती.

प्रवासखर्च वाचवण्याची युक्तीही या क्लबांनीच काढली. आपापल्या रेंजवर नेम धरायचा, साक्षीदाराच्या सहीनिशी टार्गेटे टपालाने पाठवायची आणि गुण मोजून निकाल लावायचा. १९०९ मध्ये सर टॉमस ड्यूअर यांनी ठेवलेल्या ढालीसाठी ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचे संघ असेच, एकमेकांचे तोंडही न पाहता लढू लागले. त्याआधीच्या वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये स्मॉल-बोअरच्या, म्हणजे याच बारीक मापाच्या रायफलींच्या स्पर्धा झाल्या होत्या आणि त्यांत यजमानांनी जवळजवळ सगळी पदके आपल्याच घरात ठेवली. पुढे ब्रिटनमध्ये शस्त्रकायदे कडक होत गेले तरी मिनिएचर रेंजला वेगळी वागणूक मिळत राहिली. १९६८ च्या कायद्यातही पॉइंट टू-थ्री इंचापर्यंतच्याच रायफली वापरणाऱ्या रेंजसाठी परवान्यातून सूट ठेवली होती.

या क्लबांवर त्यांच्या सुरुवातीच्या काळातच एक जोरदार आक्षेप होता आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. लष्करी तज्ज्ञ म्हणत की, दिव्याच्या उजेडात २५ यार्डांवर काळ्या ठिपक्याला भोके पाडणे म्हणजे युद्धाची तयारी नव्हे. अंतराचा अंदाज नाही, वारा नाही, खांद्याला धक्का नाही, पळता शत्रू नाही. १९१४ मध्ये फ्रान्सला गेलेल्या ब्रिटिश फौजेच्या झपाट्याने जर्मन चकित झाले ते एका मिनिटात ३०० यार्डांवर १५ गोळ्या झाडण्याच्या कवायतीमुळे. ती कवायत लष्करी रायफलीवर आणि लष्करी काडतुसांवर घोटून घेतलेली होती. मिनिएचर क्लबांनी युद्ध जिंकून दिले असा दावा कोणी केला तर तो मला मान्य नाही. पण आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरत. श्वास धरणे, माशी आणि भोक एका रेषेत ठेवणे, बोट सरळ मागे आणणे, हे सगळे हजारो वेळा केल्याशिवाय येत नाही, आणि लष्करी काडतुसावर हजारो वेळा करायला सरकारी तिजोरीही पुरत नाही. वाऱ्याचे म्हणाल तर उघड्या मैदानात ५० आणि १०० यार्डांवर ही हलकी, संथ गोळी वाऱ्याची झुळूकसुद्धा माफ करत नाही. वारा वाचायला शिकवण्याचे काम ती मोठ्या रायफलीपेक्षा कमी अंतरात उरकते.

दुसरा आक्षेप अमेरिकेचा, आणि तो माझ्या मुद्द्यालाच भिडणारा आहे. तिथे तर पोराटोरांनी स्वतःच्या पैशाने रायफली घेतल्या! जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावरून विंचेस्टरने १९०० मध्ये काढलेली एकेरी बोल्टची रायफल म्हणजे काटकसरीचा कळस होता. दस्त्यावर नक्षी नाही, बटाला पत्रा नाही, सगळे कसे कामापुरते. अशा रायफली लाखांनी खपल्या. मग क्लब कशाला हवा? उत्तर असे की, त्या पोराच्या घरामागे कोसभर शेत होते, गावच्या दुकानात काडतुसाचे खोके साखरेच्या शेजारी मिळे आणि परवाना विचारणारे कोणी नव्हते. जागा, काडतूस आणि कायदा हे तिन्ही खर्च त्याच्यासाठी आधीच कोणीतरी भागवलेले होते, म्हणून त्याला रायफलीचीच किंमत दिसली. शिवाय तो मारायचा खारी आणि डबे. टार्गेटवरची शिस्तशीर नेमबाजी तिथेही क्लबांच्याच आश्रयाने वाढली, आणि त्यासाठी पहिल्या महायुद्धानंतर आलेली विंचेस्टर ५२ वजनाने आणि किमतीने दोन्ही भारीच होती.

युरोपातल्या दोन राजवटींनी हाच धडा निराळ्या हेतूने गिरवला. व्हर्सायच्या तहाने जर्मनीचे सैन्य एक लाखावर आणून ठेवले होते, तेव्हा खेळाच्या नावाखाली स्मॉल-बोअर क्लब वाढले आणि १९३४ मध्ये दिसायला थेट माउझरच्या लष्करी रायफलीसारखी, पण पॉइंट टू-टू काडतुसाची ‘डॉइचेस श्पोर्टमोडेल’ आली. सोव्हिएत रशियात तुला शहरातली टोझ-८ ही एकेरी रायफल १९३० च्या दशकात ओसोआव्हियाखिम संघटनेच्या क्लबांत गेली आणि तिच्यावर सराव करून मुले-मुली ‘व्होरोशिलोव्ह नेमबाज’ हा बिल्ला मिळवू लागली. दोन्हीकडे रायफल स्वस्त होती हे खरे, पण ती व्यक्तीला परवडते का हा प्रश्नच नव्हता. काडतुसे वाटणारा हात राज्याचा होता.

आणि हिंदुस्थान? लंडनच्या कामगाराने हातात रायफल घ्यावी म्हणून झटणारे रॉबर्ट्स जन्मले कानपूरला, आणि नोकरीची ४१ वर्षे त्यांनी याच देशात काढली. मद्रासच्या सैन्याचे प्रमुख असताना आणि पुढे सरसेनापती असताना त्यांनी सैनिकांच्या नेमबाजीवर विशेष भर दिला. त्याच वर्षांत इथे व्हाइसरॉय लिटनचा १८७८ चा शस्त्रकायदा लागू होता. परवान्याशिवाय हत्यार बाळगायचे नाही, आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत या कायद्यात बदल मागणारे ठराव झाले ते उगीच नव्हेत. अपमान तर होताच, पण इथे नेमबाजीची लोकचळवळ का उभी राहिली नाही याचे कारणही तेच आहे. स्टीव्हन्स किंवा बीएसएची रायफल बोटीने मुंबईला उतरत होती, पण ती विकत घेऊ शकणारा वर्ग म्हणजे संस्थानिक, साहेब आणि मूठभर परवानेवाले. ज्यांना कायद्याचा अडथळा नव्हता त्यांना स्वस्त सरावाची गरज नव्हती, आणि गरज असणाऱ्यांच्या वाटेत कायदा होता.

ही कोंडी फुटली ती बाजारातून नव्हे, कॉलेजातून. १९२० नंतरच्या युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअरने मध्यमवर्गीय विद्यार्थ्याच्या हातात कायदेशीर रायफल दिली. हृदयनाथ कुंझरू समितीच्या शिफारशींवरून १९४८ मध्ये नॅशनल कॅडेट कोअर आली आणि पॉइंट टू-टूचा सराव शाळा-कॉलेजांत पोचला. एनसीसीच्या कॅडेटला ठाऊक असलेली ‘डीलक्स’ रायफल, २५ यार्डांची रेंज, जमिनीवर अंथरलेली सतरंजी आणि मोजून हातावर ठेवलेली पाच काडतुसे हे सगळे त्या जुन्या क्लबांचेच सरकारी रूप म्हणायला हरकत नाही. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले तेव्हाच्या संसदेचे सभापती गणेश वासुदेव मावळंकर. संगमेश्वरजवळच्या मावळंग्याचे मूळ घराणे, कर्मभूमी अहमदाबाद, पेशा वकिली आणि राजकीय घडण गांधींच्या चळवळीतली. अशा माणसाने रायफलीच्या संघटनेचे पालकत्व घेतले याची अनेकांना गंमत वाटते. पण परवाना, आयात आणि सरकारी रेंज या तिन्ही कुलपांच्या किल्ल्या दिल्लीत होत्या, हे लक्षात घेतले तर निवड अगदी व्यवहारी होती. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच्या पायरीवर भरणारी स्पर्धा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

महाराष्ट्रातल्या नामवंत नेमबाजांकडे पाहिले तरी हाच धागा हाती लागतो. अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीतून नेमबाजीकडे वळल्या. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या ठरलेल्या तेजस्विनी सावंत कोल्हापूरच्या. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आलेला आणि रेल्वेत नोकरीला असलेला हा मुलगा. यातले कोणीही स्वस्त रायफल सापडली म्हणून नेमबाज झालेले नाही. कुठे कॉलेजची तुकडी, कुठे सरकारी प्रबोधिनी, कुठे जुन्या प्रशिक्षकाने जपलेली रेंज, असे काहीतरी आधी होते. रायफल मागाहून आली, आणि आली तेव्हा ती बहुधा जर्मन बनावटीची, महागडीच होती.

एक शेवटचा आक्षेप उरतो. एअर रायफल आल्यावर पॉइंट टू-टूचा हा हिशेबच कालबाह्य झाला नाही का? १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून १० मीटर एअर रायफल स्पर्धेत आहे, ती शाळेच्या व्हरांड्यात खेळता येते, आणि आपल्याकडे ठरावीक ताकदीच्या आतल्या पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन एअर रायफलीला शस्त्रपरवानाही लागत नाही. माझ्या मते या आक्षेपाने मूळ मुद्दा आणखी पक्का होतो. स्पर्धेची चांगली एअर रायफल किमतीने पॉइंट टू-टूच्या बरोबरीने धावते. तरीही ती गल्लोगल्ली पसरली, कारण छर्रा काडतुसापेक्षा कितीतरी स्वस्त आहे, दहा मीटर जागा कुठेही निघते आणि पोलीस ठाण्याचे हेलपाटे नाहीत. मिनिएचर क्लबांनी १९०३ मध्ये जे साधले तेच तिने आणखी कमी खर्चात साधले. म्हणून आज सरावाला रायफल शोधणाऱ्याने आधी जवळच्या रेंजवर जाऊन क्लबाची रायफल वापरायला मिळते का ते पाहावे, वर्षभरात किती काडतुसे झाडणार त्याचा आकडा मांडावा, आणि ती कोणत्या परवान्यावर, कोणाकडून मिळणार ते विचारून घ्यावे. एकाच कंपनीच्या दोन वेगवेगळ्या लॉटची काडतुसे एकाच नळीतून वेगवेगळे गट पाडतात, त्यामुळे रायफलीवर वाचवलेले पैसे चांगल्या लॉटची पेटी घेण्यात घालणे बहुतेक वेळा जास्त गुण देऊन जाते. वापरलेली, पण नीट राखलेली जुनी टार्गेट रायफल नव्या स्वस्त रायफलीपेक्षा उजवी ठरते तेही यामुळेच: या काडतुसाने नळी झिजत नाही, आणि गंजाचा जुना रोग आता राहिलेला नाही. विकणाऱ्याला फक्त एवढे विचारावे की, रिकाम्या रायफलीचा चाप ओढून हात बसवण्याची सवय त्याला होती का. पुष्कळ जुन्या रिमफायर रायफलींत काडतूस नसले की पिन थेट नळीच्या काठावर आपटते, आणि तिथे पडलेला खळगा उजेडात धरल्यावर नुसत्या डोळ्यांनी दिसतो.